‘आम्ही तिथे होतो’ : मँचेस्टरचं एक लहान सभागृह आणि साक्षीचा प्रश्न

आज आपण एका रॉक मैफलीबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी हा विषय का घ्यावा, असं काहींच्या मनात येईल. कारण असं, की इतिहासाचा एक जुना पेच या मैफलीत फार स्वच्छ दिसतो. ‘आम्ही तिथे होतो’ असं जे सांगतात, त्यांचं किती ऐकायचं?

मैफल ४ जून १९७६ ची. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात फ्री ट्रेड हॉल नावाची दगडी इमारत आहे. तिच्यातच वर एक लहान सभागृह होतं, लेसर फ्री ट्रेड हॉल. तिथे त्या शुक्रवारी लंडनचा सेक्स पिस्टल्स हा बँड वाजला. तिकीट ५० पेन्स. बँडची एकही रेकॉर्ड तोवर बाजारात आलेली नव्हती. हजर किती होते? बहुतेक अंदाज ४० च्या आसपास थांबतात. पुढे मात्र ‘आम्ही होतो’ म्हणणारे इतके वाढले, की त्यांना खालचा मोठा हॉलही पुरला नसता अशी थट्टा होऊ लागली. डेव्हिड नोलन यांनी या एका मैफलीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘शपथेवर सांगतो, मी तिथे होतो’ असा आहे!

आधी जागा समजून घेऊ. मँचेस्टर म्हटलं की आपल्याला कापड आठवतं. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणत आलो आहोत. त्या गिरण्यांच्या शहरात १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर ६०,००० च्या आसपास माणसं मताधिकार मागायला जमली. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं. १५ ते १८ माणसं मेली, शेकडो जखमी झाली. हेच पीटरलूचं हत्याकांड. धान्याच्या आयातीवर निर्बंध घालणारे कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, आणि त्या विजयाचं स्मारक म्हणून याच मैदानाच्या जागेवर १८५० च्या दशकात हा हॉल उभा राहिला. १९०५ मध्ये इथल्याच एका राजकीय सभेत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि अ‍ॅनी केनी यांनी उभं राहून विचारलं, की स्त्रियांना मत देणार का? त्यांना बाहेर काढलं, अटक झाली. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून इमारत जळाली आणि १९५१ मध्ये पुन्हा उघडली.

याच इमारतीच्या मोठ्या हॉलमध्ये १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ‘जुडास’ म्हणून ओरडलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण चोरवाटेने वर्षानुवर्षं फिरलं, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने! १९९८ मध्ये ते अधिकृतपणे निघालं, तेव्हा हे चुकीचं नाव अवतरणचिन्हांत घालून तसंच ठेवावं लागलं, इतकं ते रुळलं होतं. आणि ओरडणारा कोण? दोन वेगवेगळ्या माणसांनी पुढे सांगितलं, की तो मीच. आवाज टेपवर आहे, शब्द स्पष्ट आहे, तरी माणूस ठरत नाही. तेव्हा पुरावा असला की प्रश्न मिटला, असं समजू नये.

आता १९७६ कडे येऊ. ही मैफल कुणा मोठ्या कंपनीने भरवली नव्हती. बोल्टनच्या कॉलेजातले दोन तरुण, हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली, यांनी संगीताच्या साप्ताहिकात सेक्स पिस्टल्सबद्दल वाचलं, गाडी मिळवली, दक्षिणेला जाऊन बँड ऐकला आणि त्यांच्या व्यवस्थापकाला, माल्कम मॅकलॅरनला, म्हणाले, आमच्याकडे या, हॉल आम्ही बघतो. त्यांचा स्वतःचा बझकॉक्स हा बँडही त्या दिवशी वाजायचा होता, पण माणसं पुरी पडेनात. म्हणून सॉलस्टिस नावाचा स्थानिक बँड आधी वाजला, आणि शेली तिकीट खिडकीवर बसला. बाहेर स्टीव्ह डिगल नावाचा तरुण भलत्याच कुणाची तरी वाट बघत उभा होता. मॅकलॅरनने त्याला आत आणून शेलीशी गाठ घालून दिली, आणि डिगल बझकॉक्सचा बेस वाजवणारा झाला. ही हकिगत डिगलने स्वतः सांगितलेली आहे.

पुढची यादी प्रसिद्ध आहे. सॅलफर्डचे शाळासोबती पीटर हुक आणि बर्नार्ड समनर तिथे होते. त्यांच्यातून पुढे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर हे बँड झाले. मॉरिसी होता, त्याचा द स्मिथ्स १९८२ चा. यावरून गोष्ट अशी रचली गेली, की ४० माणसं आत गेली आणि प्रत्येकाने बाहेर येऊन बँड काढला.

इथे थांबायला हवं. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण सांगणारा आप्त असला तर. म्हणजे ज्याला विषयाचं खरं ज्ञान आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगू इच्छितो, असा माणूस. आपले साक्षीदार बहुतेक खोटारडे नाहीत. अडचण वेगळी आहे. त्याच सभागृहात २० जुलैला सेक्स पिस्टल्स पुन्हा वाजले. या वेळी बझकॉक्सही होते, स्लॉटर अँड द डॉग्ज होते, आणि गर्दी कितीतरी जास्त होती. जागा तीच, बँड तोच, मध्ये जेमतेम साडेसहा आठवडे. तीस वर्षांनी आठवताना जुलै सरकून जूनमध्ये जाऊन बसतो, आणि माणूस अगदी प्रामाणिकपणे चुकीची साक्ष देतो. ग्रॅनडा टीव्हीचे टोनी विल्सन यांनी पुढे फॅक्टरी रेकॉर्ड्स उभी केली. आपण जूनच्या मैफलीला होतो असं ते ठामपणे सांगत. इतरांनी त्यावर शंका घेतली आहे. २००२ च्या ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ या चित्रपटात तर ते प्रेक्षकांत दाखवलेच आहेत. पडद्यावर एकदा पाहिलं, की बघणाऱ्याचीही तीच आठवण होऊन बसते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? त्या काळातच लिहिल्या गेलेल्या कागदावर. मॉरिसीचं एक पत्र त्याच महिन्यात ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मध्ये छापून आलं. त्यात कौतुक आहे, आणि बँडच्या कळकट कपड्यांना एक टोमणाही आहे. बघा, क्रांती झाली असं तेव्हा त्याला वाटलेलं दिसत नाही. क्रांती मागाहून ठरली.

दुसरा मुद्दा कारणाचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. ४० पैकी जे गाजले त्यांची नावं आपण मोजतो. जे नुसते ऐकून शेवटच्या बसने घरी गेले, त्यांना कुणी मोजत नाही. डिव्होटो आणि शेली यांचा बँड तर या मैफलीच्या आधीच जमू लागला होता. मैफल हे त्यांचं कार्य होतं, कारण नव्हतं.

मग त्या सभागृहाने काहीच केलं नाही का? केलं. पण काय केलं ते नेमकं सांगायला हवं. मे १९७५ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला लेड झेपेलिनचे पाच रात्री कार्यक्रम झाले, एकेका रात्री १७,००० च्या आसपास माणसं. तिथे मागच्या रांगेतल्या मुलाला काय दिसतं? दिवे, धूर, आणि आपल्याला कधीच परवडणार नाही अशी सामग्री. लहान सभागृहात वाजवणाऱ्याची बोटं दिसतात. सूर चुकला की कळतं, आणि चुकूनही तो थांबला नाही हेही कळतं. पीटर हुकने अनेकदा सांगितलं आहे, की वादन काही थोर नव्हतं, आणि म्हणूनच हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने बेस गिटार विकत घेतली. बझकॉक्सने ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली. लंडनच्या कंपनीची वाट बघितली नाही. आमच्या मते लहान जागेचं सामर्थ्य इथे आहे. ती प्रेरणा देते असं आपण ढोबळपणे म्हणतो. खरं तर ती अंतर कमी करते, आणि करणाऱ्याची कृती बघणाऱ्याच्या आवाक्यात आणून ठेवते. ज्यांची तयारी आधीच होती, त्यांना तेवढं पुरलं.

शेवटी पुन्हा त्या इमारतीच्या भिंतीकडे वळू. आज तिथे हॉटेल आहे. पीटरलूची आठवण म्हणून पूर्वी भिंतीवर निळी पाटी होती. जमाव लष्कराने पांगवला, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं होतं. मेलेल्यांचा उल्लेख नव्हता. लोकांनी पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये तिच्या जागी लाल पाटी आली. तिच्यावर मृत्यू नोंदलेले आहेत. एकाच जागेवर समाजाच्या स्मृतीने दोन उलट गोष्टी केल्या. ४० माणसांच्या संध्याकाळीत हजारो घुसवले, आणि ६०,००० माणसांच्या दुपारीतून मेलेले वगळले. आनंदाच्या प्रसंगी हजर राहायला सगळ्यांना आवडतं, मेलेल्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कुणीतरी चिकाटी धरावी लागते. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला दोन्ही कामं करावी लागतात, जास्तीचे वजा करणं आणि राहिलेले मिळवणं. यातलं दुसरं अवघड आहे, आणि आधी करायचं तेच आहे.