अजिंक्यतारा
अजिंक्यतारा : महाराष्ट्र राज्यातील सातारा शहराच्या दक्षिणेस लागून असलेल्या डोंगरावरील ऐतिहासिक किल्ला. समुद्रसपाटीपासून उंची सु. १,००० मी.; शहरापासून सु. ३०० मी. मुख्य दरवाजा वायव्येस आहे. मराठ्यांची राजधानी काही काळ या गडावर होती. ती खाली उतरली आणि आजचे सातारा शहर वाढीस लागले.

किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याला देतात. बहमनी सत्तेनंतर तो आदिलशाहीत गेला. त्या अमदानीत त्याचा उपयोग राजबंदी ठेवण्याकडेही होत असे. १५८० मध्ये चांदबीबीला येथेच कैदेत ठेवले होते. छ. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला. जिंजीहून परतल्यावर छ. राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानी केली.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने स्वतः किल्ल्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू याने तो सु. साडेचार महिने लढविला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी उडविलेल्या सुरुंगाने तट त्यांच्याच सैन्यावर कोसळून सु. दोन हजार लोक गाडले गेले. तथापि राजारामांचे निधन झालेले होते आणि अन्नसामग्री संपत आली होती. त्यामुळे २१ एप्रिल १७०० रोजी किल्ला तहाने मोगलांच्या स्वाधीन करण्यात आला. औरंगजेबाने त्यास ‘आझमतारा’ हे नाव दिले. पुढे ताराबाईंच्या पक्षाने तो परत घेतला व ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले.

मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या छ. शाहू महाराजांशी परशुरामपंत प्रतिनिधींनी ताराबाईंच्या वतीने विरोध केला. परंतु गडावरील शेख मीरा याने प्रतिनिधींना कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला. अशा रीतीने अजिंक्य म्हणविला जाणारा हा किल्ला तोफांपेक्षा तहाने व फितुरीनेच हस्तांतरित झाला.

शाहूंनी पायथ्याशी शाहूनगर वसविले. राजनिवास, पेठा व दरबार खाली आल्याने गडाचे राजकीय महत्त्व ओसरले व तो पुन्हा मुख्यतः बंदिवासाचे ठिकाण बनला. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी छ. रामराजांना येथेच कैद केले. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला व त्याच वर्षी छ. प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले.

गडावर मंगळाईदेवीचे मंदिर, तळी व वाड्यांचे अवशेष आढळतात.