दिनविशेष : १४ जून १८७० – अपराजित संघाची पहिली हार

ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर बेसबॉल सामन्याचे नऊ डाव संपले तेव्हा धावफलक ५-५ होता. यजमान ‘अटलांटिक्स’ बरोबरीवर खूश होऊन मैदान सोडू लागले, पण ‘सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज’चा कर्णधार हॅरी राइट अडून बसला. नियमानुसार खेळ पुढे चालायलाच हवा होता. अकराव्या डावात त्याच्या संघाने २ धावा काढल्या; अटलांटिक्सने उलट ३ काढून सामना ८-७ असा जिंकला. हट्ट महागात पडला!

रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला बेसबॉल संघ. इतर क्लब पैसे देत, पण गुपचूप. १८६९चा अख्खा हंगाम हा संघ एकही सामना हरला नव्हता. सर्वाधिक पगार, १,४०० डॉलर, हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज याला. गंमत अशी, की खुद्द सिनसिनाटीचा खेळाडू संघात एकच होता आणि इंग्लंडात जन्मलेला हॅरी त्या शहरात आला होता तो क्रिकेट शिकवायला.

या पराभवानंतर प्रेक्षक रोडावले, खर्च पेलेना. वर्षअखेरीस क्लबने पगार बंद केले. राइट बंधू बोस्टनला गेले आणि मार्च १८७१मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली राष्ट्रीय संघटना न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली.