बुडणारी घटका

बेझेल डावीकडे फिरवा. उजवीकडे ती फिरणारच नाही, जोर लावू नका. काचेभोवतीच्या या कडीच्या एका फेरीत १२० टिचक्या आहेत आणि प्रत्येक टिचकी आधी बोटाला कळते, मग कानाला. शून्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आला की थांबा.

तुम्ही बीडच्या कंकालेश्वराच्या तळ्याकाठी बसला आहात. दिवाळीआधीची सकाळ आहे. यंदा पावसानं हात दिलाय, तळ्यात पाणी आहे, आणि मधोमध काळ्या दगडाचं देऊळ आपल्याच प्रतिबिंबावर उभं आहे. शेजारी चौघं जण बसलेत. एक गेवराईहून आलाय, एक माजलगावहून, दोघं गावातलेच. पायरीवर पांढरा रुमाल पसरलाय आणि त्यावर ओळीनं ठेवलीत ती खोल पाण्यात उतरण्यासाठी बनवलेली घड्याळं, सगळी यांत्रिक. सेलवर चालणारं एकही नाही.

हे वेड बाहेरच्याला चटकन समजत नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथल्या माणसानं तीनशे मीटर खोलीचं घड्याळ कशाला घ्यावं, असं घरचे विचारतात. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. पाण्याची किंमत ज्याला कळते, त्यालाच पाणी अडवण्यातली कारागिरी दिसते. चावी मळसूत्रासारखी आत आवळली जाते, तिच्याखाली रबराची बारीक कडी दाबून बसते, मागचं झाकण आट्यांवर घट्ट होतं. दर दहा मीटरला वातावरणाएवढा एकेक दाब वाढत जातो आणि आतला केसाएवढा बारीक तोलचक्राचा स्प्रिंग मात्र कोरड्या खोलीत बसल्यासारखा श्वास घेत राहतो. सेकंदाला आठ ठोके, तासाला २८,८००.

१९५३ साली ब्लांपाँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर, दोन्ही एकाच वर्षी समोर आली. पाणबुड्याच्या घड्याळाचा चेहरा तिथेच ठरला, तो आजतागायत फारसा बदललेला नाही. काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठिपके, आणि ही फिरणारी कडी. ती एकाच बाजूला फिरते त्यामागे जिवाची काळजी आहे. खडकाला घासून ती चुकून सरकलीच, तर घड्याळ गेलेला वेळ जास्त दाखवील, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही.

गेवराईचा मित्र रुमालाच्या कोपऱ्यातलं जाडजूड घड्याळ उचलून तुमच्या हातात देतो. फेवर ल्यूबा! हे नाव मराठी घरांत किती जिव्हाळ्याचं होतं ते सांगायला नको. कुणाला लग्नात मिळालेलं, कुणी पहिल्या पगारातून घेतलेलं. कंपनी स्वित्झर्लंडच्या ल लॉक्ल गावातली, १७३७ पासूनची, पण आपल्याकडच्या मनगटांवर ती इतकी रुळली की परकी वाटलीच नाही. हातातलं घड्याळ मात्र साधं नाही. १९६८ चं बॅथी ५०. यात पाण्याला एका कप्प्यात मुद्दाम वाट दिली आहे. पाणी एका पडद्याला दाबतं, पडदा काट्याला ढकलतो आणि काटा खोली सांगतो, पन्नास मीटरपर्यंत. सगळी घड्याळं पाण्याला दाराबाहेर ठेवतात. याने त्याला आत बोलावून कामाला लावलं.

हे लक्षात ठेवा. आता ते घड्याळ मित्राला परत द्या, खाली वाका, आणि घड्याळ घातलेला हात कोपरापर्यंत तळ्यात बुडवा. पाणी पहाटेचं थंड आहे. शेवाळाचा वास येतो. डोळे मिटा.

टण्ण.

काशाच्या तबकावर लाकडी हातोडी पडते आणि तो नाद पाण्यावरून सरकत तुमच्यापर्यंत येतो. डोळे उघडा. रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. रुमाल नाही, मित्र नाहीत. देवळाच्या दगडी कडा अशा धारदार आहेत की बोट कापावं. शके ११५०, म्हणजे इसवी सन १२२८. देवगिरीवर सिंघण यादव राज्य करतो आहे. इथून आग्नेयेला, आंब्याला, ज्याला तुम्ही आंबेजोगाई म्हणता, तिथे त्याचा सेनापती खोलेश्वर देवळं बांधतो आहे आणि दगडावर लेख कोरवतो आहे.

दगडी फरसबंदीवर चालत मंडपाकडे जा. सावलीत एक मोठं घंगाळ भरून ठेवलेलं आहे. त्यात तांब्याची एक वाटी तरंगते आहे, नारळाच्या करवंटीच्या आकाराची, थोडी मोठी. वाटीच्या तळाला भोक आहे. त्या भोकातून पाण्याची एक बारीक धार आत उसळते, सुईएवढी, काचेसारखी स्थिर. शेजारी टांगलेलं काशाचं तबक अजून थरथरतं आहे. अशा तबकाला पुढे तास म्हणू लागले. मग कधीतरी तबकाचं नाव वेळेला चिकटलं. तुम्ही रोज तास म्हणता तेव्हा हेच काशाचं तबक वाजवत असता.

घंगाळाभोवती पाच-सहा जण उकिडवे बसलेत. एक तांबट आहे, त्याच्या नखांत अजून काजळी आहे. एक म्हातारे जोशी आहेत. एक तरुण आहे, डोक्यावर प्रवासाची धूळ घेऊन आलेला. घटकेवर बसलेला माणूस मधे, हातात हातोडी. त्यांच्यापुढच्या फडक्यावर आणखी तीन वाट्या ठेवल्या आहेत. तांबट त्यातली एक उचलतो, उन्हात धरतो, भोकातून सूर्य बघतो. जोशी ती घेऊन काठावरून बोट फिरवतात. तरुण तिला टिचकी मारून नाद ऐकतो. कुणी घाईत नाही.

पायरीवरच्या त्या रुमालाची आठवण येते ना? ही तुमचीच माणसं आहेत.

त्यांची मराठी अर्धी कळते, अर्धी निसटते, पण वाद कशावर आहे ते कळतं. जोशी जुन्या ग्रंथांचं माप सांगताहेत. वाटी दहा पळं वजनाच्या तांब्याची हवी. उंची सहा अंगुळं, तोंड बारा अंगुळं. भोक पाडायला तीन पूर्णांक एक तृतीयांश माषे सोन्याची चार अंगुळं लांब तार, ती जाईल एवढंच. अशी वाटी दिवसरात्रीत बरोबर साठ वेळा बुडते. प्रत्येक बुडी म्हणजे एक घटका, तुमची चोवीस मिनिटं. घटकेची साठ पळं, एकेक पळ चोवीस सेकंदांचं. तांबट मान हलवतो. एवढ्या नेमक्या मापाची वाटी ठोकून दाखवा म्हणतो.

तरुण हसत नाही, वाद वाढवत नाही. तो पाटणहून आला आहे. चाळीसगावजवळच्या त्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू, सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आहे. तिथल्या शिलालेखाची तारीख शके ११२८. तरुण जे सांगतो ते त्या मठातलं आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यात त्यांनी हे दहा पळांचं लक्षण बाजूला सारलं. त्यामागे काही तर्क नाही आणि ते घडवायलाही अवघड, असं त्यांचं मत. वाटी तांब्याची कशीही घ्या, भोक कितीही असो. एका दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि दिवसरात्रीला त्या आकड्याने भागा. भागाकार हेच तुमच्या वाटीचं माप.

इथे क्षणभर थांबा, कारण मला भास्कराचार्यांबद्दल जे सर्वात जास्त आवडतं ते इथे आहे. शून्याने भागण्याबद्दल त्यांनी काय म्हटलं ते सगळे सांगतात. ही वाटीची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. यंत्राचं कुळ विचारू नका, त्याचं वागणं मोजा. आपण घड्याळवेडे अनेकदा उलटं करतो. किती खोलीचं, कुठल्या गावचं, कुठल्या वर्षाचं, यातच रात्र घालवतो आणि ते दिवसाकाठी किती सेकंद पुढे जातं ते वहीत लिहायचं राहून जातं. स्वित्झर्लंडमधली क्रोनोमीटरची परीक्षा तरी दुसरं काय विचारते? दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, या मर्यादेत राहतोस का?

आणि हो, भास्कराचार्यांचं गाव. आपलं नगर विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाचं, असं ते स्वतः सांगून गेलेत. ते बीडच, असं मानणारे आहेत. पाटण परिसराकडे बोट दाखवणारेही आहेत. बीडच्या माणसाला पहिलं मत प्रिय असणार. लीलावतीच्या लग्नघटकेत मोती पडून भोक बुजलं, ही कथाही तुम्हाला आठवत असेल. ती लीलावती ग्रंथाच्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. इतिहास म्हणून ती टिकत नाही. पण ज्याने ती रचली त्याने घटकापात्र जवळून पाहिलं होतं. या यंत्राचा जीव त्या भोकातच असतो.

घटकेवरच्या माणसालाही ते ठाऊक आहे. रिकाम्या वाटीच्या भोकात तो सुई फिरवतो, अगदी हलक्या हाताने. विहिरीच्या पाण्यातला क्षार भोकाच्या कडेला साचतो, म्हणतो, म्हणून पाणी गाळून घ्यायचं. पौषाच्या पहाटे पाणी जड होतं, वाटी रेंगाळते. तुम्ही मान डोलावता. थंडीत तेल घट्ट होऊन घड्याळाची चाल बदलते, हे तुम्हीही पाहिलं आहे.

मग त्याची नजर तुमच्या मनगटावर जाते.

“हें काइ?”

काढून द्या त्याच्या हातात. तो आधी वजन बघतो, जसं तुम्ही बघितलं होतं. बेझेल डावीकडे फिरवतो, उजवीकडे फिरवून बघतो, फिरत नाही म्हणताच त्याच्या कपाळाला आठी पडते आणि मग सुटते. तांबट झाकणावरच्या आट्या नखाने चाचपतो. तरुण ते कानाला लावतो. बराच वेळ. ओठ हलतात, तो मोजतो आहे, पण सेकंदाला आठ ठोके कोण मोजणार? एका पळात १९२ होतात. घटकेवरचा माणूस घड्याळ परत घेतो, उलटं करतो, सुलटं करतो, काच, चावी, पाठ, सगळं तपासतो आणि शेवटी तोच प्रश्न विचारतो जो त्याच्या जागी तुम्हीही विचारला असता.

पाणी आत कुठून येतं?

तुम्ही सांगू लागता की येत नाही. सगळी कला ते येऊ नये यासाठीच आहे. तो तुमच्याकडे अशा नजरेनं बघतो की जणू तुम्ही तेल नसलेल्या समईबद्दल बोलताय. पाण्याला वाट नसेल तर वेळ आत जाणार कसा? तुम्हाला बॅथी ५० आठवतं. ते इथे असायला हवं होतं, ते त्याला पहिल्या फटक्यात कळलं असतं.

पण घंगाळातली वाटी आता काठापर्यंत आली आहे. सगळे गप्प होतात. घटका भरत आली, जोशी पुटपुटतात, आणि हे शब्द तुम्ही आजवर फक्त आजाऱ्याच्या उशाशी ऐकलेत. इथे ते एका वाटीबद्दल आहेत, अंगणाइतके साधे. तांब्याची कड पाण्याशी समतल होते. क्षणभर पाणी काठावर फुगून उभं राहतं, आत ओघळत नाही. मग एका जागी फुटतं. डुबुक. वाटी तिरकी होत तळाशी जाते, तळावर तिचा मऊ ठोका ऐकू येतो, आणि वर पाण्यावर एकच वर्तुळ.

टण्ण. टण्ण.

तो पाण्यात हात घालून वाटी काढतो, पुसतो, भोकातून उजेड बघतो. ती पाण्यावर ठेवण्याआधी तुमच्याकडे बघतो आणि भुवई उंचावतो. तुम्हाला त्याचा बेत कळतो. घड्याळ घ्या, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणा, मान हलवा. तो वाटी सोडतो. तुम्ही घड्याळ तिच्या शेजारी घंगाळात सोडता.

आता सहा डोकी एका घंगाळावर वाकली आहेत. वर तांब्याची वाटी थेंबाथेंबानं पाणी घेते आहे. खाली तुमचं घड्याळ तळाशी पडलंय, काच वर करून, आणि त्याच्या कडेला बुडबुडा नाही. मिनिटकाटा दहावर येतो. पंधरावर. तांबट श्वास रोखून काचेतून सेकंदकाट्याची सरक बघतो. त्याला झाकण उघडून बघायचं आहे, ते त्याच्या बोटांत दिसतं. तरुण वाटीकडे बघत नाही, घड्याळाकडेही नाही. तो मंडपाबाहेर खांबाच्या सावलीकडे बघतो, कारण या दोघांपैकी कुणाचं खरं ते शेवटी तिथेच ठरणार आहे.

वीस. बावीस. वाटीची कड खाली येते आहे. तेवीस.

घटकेवरचा माणूस हातोडी उचलतो.