खडी फोडणारे हात आणि ग्रामपंचायत

१९७२-७३च्या दुष्काळाचा विषय धाराशिव जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांपुढे काढला, की दोन शब्द हटकून निघतात: खडी आणि सुकडी. विहिरी कोरड्या पडलेल्या, ज्वारी करपून गेलेली आणि दुष्काळी कामावर बायाबापड्या दिवसभर दगड फोडीत बसलेल्या.

विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. काम मागणे ही याचना न राहता हक्क ठरला. मजुरीवर मजुराचे कुटुंब जगले पाहिजे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच बजावले होते. आमच्या विधिमंडळाने ते आपल्या परीने मनावर घेतले, असे आम्ही मानतो. मात्र रस्ता कोठून काढावा, पाझर तलाव कोणाच्या शिवारात व्हावा, हे ठरविणाऱ्या बैठकीत खडी फोडणारी बाई नव्हती.

ती तेथवर पोहोचली एका भीषण पहाटेनंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना आधार दिला. अनुदान किती, सिमेंट किती, भिंत कशी बांधावी, हे त्या घरोघर समजावू लागल्या. पाठोपाठ बचतगट उभे राहिले.

भूकंपापूर्वी पाचच महिने, २४ एप्रिल १९९३ रोजी, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती. पंचायतींतील एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. बचतगटांतील काही जणींनी धीर करून उमेदवारी अर्ज भरले. पाणी, रेशन, दवाखाना, वेळेवर मजुरी, एवढेच त्यांचे मागणे. (आम्हा धर्मगुरूंना धर्मसभेच्या १९८३च्या कायदासंहितेने सत्तापद वर्ज्य केले आहे. हे काम प्रापंचिकांचेच.) २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने निम्मी कामे ग्रामपंचायतींकडे सोपविली, तेव्हा खडी फोडणाऱ्यांच्या लेकीसुना कामे ठरविणाऱ्या बैठकीत बसू शकल्या.

सारेच गोड झाले, असे नव्हे. कित्येक ठिकाणी 'सरपंचपती'च कारभार हाकीत राहिले. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना कायद्याने निवडणुकीस अपात्र ठरविले. आम्हांस तो गरीब स्त्रीवर अन्याय वाटतो. अपत्यांची संख्या ठरविणे तिच्या हाती किती असते? आणि २६ जानेवारीला गावात ग्रामसभा भरते, तेव्हा भूम-परांड्याकडील ऊसतोड कुटुंबे दूरच्या फडात कोयता चालवीत असतात. दसरा-दिवाळीनंतर गेलेली ही माणसे गाळप संपल्यावरच परततात. गावच्या रोजगाराची चर्चा त्यांच्यामाघारी होते.