दिनविशेष : १४ सप्टेंबर
१७९३ : ब्रिटनचे राजदूत लॉर्ड जॉर्ज मॅकार्टनी यांनी चीनचे चिंग सम्राट छियानलुंग यांची जेहोल येथील उन्हाळी राजवाड्याच्या उद्यानात, शाही तंबूत भेट घेतली. चिनी दरबारात सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून, दर वेळी तीनदा कपाळ जमिनीला लावण्याचा रिवाज होता. परदेशी दूतही त्याला अपवाद नसत. मद्रासचे गव्हर्नर राहिलेल्या मॅकार्टनी यांनी तो पाळण्यास नकार दिला. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्यांनी एक गुडघा टेकून राजे तिसरे जॉर्ज यांचे पत्र रत्नजडित सोन्याच्या पेटीतून सादर केले. शिष्टमंडळातला बारा वर्षांचा जॉर्ज थॉमस स्टॉन्टन चिनी बोलला, तेव्हा प्रसन्न झालेल्या सम्राटाने कमरेची रेशमी थैली काढून त्याला भेट दिली. मात्र नवी व्यापारी बंदरे आणि पेकिंगमध्ये कायमचा राजदूत या ब्रिटनच्या मागण्या फेटाळल्या गेल्या. १८१६ मध्ये ब्रिटनचे राजदूत लॉर्ड ॲमहर्स्ट यांनी अशा दंडवताला नकार दिला, तेव्हा त्यांना भेटीविनाच परतावे लागले. अखेर १८७३ मध्ये सम्राट थुंगच यांनी परदेशी राजदूतांना दंडवताविना भेट दिली.