परदेशी शेअर घ्यायचे आहेत, पण कोणत्या ॲपवरून?

दहावीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. ईदला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, ॲपल, मायक्रोसॉफ्टचे थोडे थोडे शेअर घ्यायचेत. कुठलं ॲप चांगलं?" हल्ली हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. ॲपचं नाव सांगणं सोपं आहे, पण त्याआधी पैसा कुठून कुठे जातो ते समजून घ्यायला हवं.

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यासाठी पॅन लागतो, बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो (आता तो बहुधा ऑनलाइनच असतो) आणि पैसे बँकेतूनच जातात. नकली प्लॅटफॉर्म ओळखायची पहिली खूण इथेच मिळते. कोणी यूपीआयने एखाद्याच्या खासगी खात्यात पैसे टाकायला सांगत असेल आणि लगेच स्क्रीनवर डॉलर दिसत असतील, तर ते शेअर नाहीत, नुसते आकडे आहेत. आमच्या नात्यातल्या एकाने टेलिग्रामवरच्या अशा ॲपवर दोन महिने "नफा" पाहिला. काढायला गेला तर म्हणे, आधी टॅक्स भरा. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बेकायदा प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, ती आधी पाहा. पण यादीत नाव नाही म्हणजे प्लॅटफॉर्म खरा, असंही समजू नका.

खऱ्या प्लॅटफॉर्मचे ढोबळ प्रकार तीन. इंडमनी, वेस्टेडसारखी भारतीय ॲप ही एक प्रकारची खिडकी आहेत. शेअर ठेवले जातात अमेरिकेतल्या ब्रोकरकडे. दुसरा प्रकार इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारख्या आंतरराष्ट्रीय ब्रोकरकडे थेट खातं. तिसरा गुजरातच्या गिफ्ट सिटीचा मार्ग. तिथल्या एनएसई आयएक्सवर मार्च २०२२ मध्ये निवडक अमेरिकी कंपन्यांच्या पावत्यांचे व्यवहार सुरू झाले. नवख्याला पहिला प्रकार सोपा पडतो. मात्र ॲपमागच्या अमेरिकन ब्रोकरचं नाव शोधा आणि ते फिन्राच्या ब्रोकरचेक या मोफत वेबसाइटवर तपासा. तो एसआयपीसीचा सदस्य असेल तर ब्रोकर बुडाल्यास ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं. शेअरचा भाव पडला तर मात्र काही मिळत नाही.

"झिरो कमिशन"ला भुलू नका. खरा खर्च बँकेत होतो. समजा, बँक प्रत्येक वेळी ५०० रुपये घेते. दरमहा ५,००० पाठवले तर दहा टक्के तिथेच गेले. तेच सहा महिन्यांचे ३०,००० एकदम पाठवले तर दोन टक्क्यांहूनही कमी. शिवाय डॉलरच्या दरात बँक आपलं मार्जिन ठेवते, ते वेगळं. पैसे परत आणायचा खर्चही आधीच विचारा. पाठवायचा सगळे सांगतात, परतीचा कोणी सांगत नाही.

आता आपल्याशी खास संबंधित गोष्ट. काही ब्रोकर खातं उघडताना "कॅश" की "मार्जिन" असं विचारतात. मार्जिन म्हणजे ब्रोकरकडून व्याजाने उधारी, सरळ रिबा. एलआरएसमध्येही मार्जिनसाठी पैसे पाठवायला मनाई आहे. कॅशच निवडा. पडून असलेल्या रकमेवर व्याज आणि आपले शेअर दुसऱ्याला भाड्याने देणं, हे पर्याय सेटिंगमध्ये असतील तर बंद करता येतात का ते पाहा. कंपनी हलाल आहे की नाही हे तपासायला झोया, मुसाफ्फा ही ॲप आहेत. आओफीच्या निकषांत व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत आणि नाजायज उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत लागतं. कंपनीचे आकडे बदलत असतात, म्हणून एकदा तपासून विसरू नका.

वारशाबद्दल मात्र फार कमी लोक बोलतात. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या तिथल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलरना इस्टेट टॅक्समधून सूट आहे. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. अमेरिकी शेअर आणि एसपीयूएस, एचएलएएल हे तिथले शरिया ईटीएफही यात मोजले जातात. आयर्लंडमध्ये नोंदलेले, लंडनला मिळणारे इस्लामिक ईटीएफ यात सहसा येत नाहीत. म्हणून दीर्घकाळाचा विचार असेल तर प्लॅटफॉर्मवर लंडनचा बाजार आहे का, हेही पाहा. नॉमिनीची सोय लेखी विचारून घ्या. आपल्याकडे वारसा हिश्श्यांनी वाटला जातो. खातं आहे हेच घरी माहीत नसेल तर हिस्से काढणार कशाचे?

कराचं थोडक्यात. वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरलेला असेल तर डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, नाहीतर ३०. शेअर २४ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकला तर आपल्या स्लॅबप्रमाणे कर. आणि एकच परदेशी शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही. शेड्यूल एफए भरावं लागतं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. त्यासाठीचं वार्षिक स्टेटमेंट तयार करून देतं का, हे ॲपच्या हेल्पलाइनला खातं उघडण्याआधीच विचारा. उत्तर यायला किती दिवस लागतात, तेही त्यातून कळेल.