बोर्डावरची रिकामी भोकं

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: "गाडीच्या कॉम्प्युटरचा कसला आलाय इतिहास?" तर हा घ्या एक तुकडा.

१९९२ ते १९९५ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही होंडा सिव्हिकमध्ये 'पी२८' हा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, असायचा. त्याचा प्रोग्राम ओकी कंपनीच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला. पण खोका उघडलात तर बोर्डावर २८ पायांच्या एका चिपसाठी भोकं रिकामीच दिसतात! हौशी लोकांनी तिथे सॉकेट सोल्डर केलं, शेजारी ७४एचसी३७३ ही लॅच चिप बसवली, 'जे१' लिहिलेल्या जागी तारेचा तुकडा जोडला. झालं, प्रोसेसर आतला प्रोग्राम सोडून बाहेरच्या चिपवरचा वाचू लागला. ही २७सी२५६ चिप फक्त ३२ किलोबाइटची. तुम्हाला सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोही तिच्यात मावायचा नाही.

एवढ्याशा जागेत महत्त्वाचे असतात ते तक्ते. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब. दोन्ही जुळतात तिथल्या आकड्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरतं. टर्बो किंवा मोठे इंजेक्टर बसवले की कारखान्याचे आकडे कुचकामी. नेमका आकडा कुठे दडलाय हे लोकांनी मशीन कोड उलगडत शोधलं. चुकलं तर चिप अतिनील दिव्याखाली पुसायची, पुन्हा लिहायची. याला नुसती 'गॅरेजमधली खटपट' म्हणणं मला पटत नाही.

नंतरच्या गाड्यांत सॉफ्टवेअरला कुलपं आली, आणि १९९८ च्या डीएमसीए कायद्याने अशी डिजिटल कुलपं तोडणं अमेरिकेत बेकायदा ठरवलं होतंच. गाडीमालकांना यातून सूट द्यावी का, यावर २०१५ मध्ये खल चालू होता. जुलैत ईपीए या पर्यावरण संस्थेने विरोध केला: लोक प्रदूषण वाढवतील. भीती अगदीच खोटी नव्हती, तसं करणारे होतेच. पण सप्टेंबरमध्ये त्याच ईपीएने जाहीर केलं की फोक्सवॅगननेच आपल्या डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रदूषण चाचणी ओळखण्याची लबाडी लपवली होती. गंमत बघा, संशय आला तो कोड वाचून नव्हे, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर धावत्या गाडीचा धूर मोजल्यामुळे.

ऑक्टोबरमध्ये सूट मंजूर झाली, अंमल वर्षभराने. तीही फक्त मालकाने स्वतः काम केलं तर. त्याच्या मेकॅनिकला २०१८ पर्यंत थांबावं लागलं.